मुनग्याचं पाणी

वासंती भाद्रपदात, एका मंगळवारी, दुपारी वारली. त्या दिवशी सकाळी इस्पितळात तिनं मला विचारलं, "उकळायचं लिहिलं ना तुम्ही?" मी हो म्हणालो.

त्याला आता दोन वर्षं होत आली. कालपासून आमच्या तात्यापाऱ्यातल्या नळाला गढूळ पाणी येतं आहे. नदीला वरून लोंढा आला की श्रावणात दोन-चार दिवस असं होतंच. पाण्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा, आणि वास ओल्या मातीचा. एरवी हा वास लोकांना आवडतो, पण प्यायच्या पेल्यातून आला की माणूस पेला खाली ठेवतो. शेजारचे लोक पाण्याचे मोठे डबे विकत आणतात. मी ओट्याशी बसून मुनग्याच्या बिया सोलतो आहे. बीला तीन पातळ पंख असतात, कागदासारखे. ते काढले की आत तपकिरी टरफल, त्याच्या आत पांढरा गर. तो खलबत्त्यात कुटायचा. भुकटी करून ठेवली की तिचा जोर कमी होतो, म्हणून वासंती बियाच ठेवायची आणि लागेल तेव्हा कुटायची. मीही तसंच करतो.

शेवग्याला इथे मुनगा म्हणतात. माझ्या आईच्या तोंडी शेवटपर्यंत शेवगाच राहिला. वासंती लग्न होऊन अमरावतीकडून रायपुरात आली आणि वर्षभरात मुनगा म्हणायला लागली. माणसं जिथे राहतात तिथलं बोलावं, असं तिचं मत होतं. मी रायपुरात जन्मलो, इथेच रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, आणि बोलतो मात्र पुस्तकातल्यासारखं. यावरून ती मला चिडवायची. भाजीवालीशी बोलतानासुद्धा मी अर्ज दिल्यासारखा बोलतो, असं म्हणायची.

ती भाजीवाली म्हणजे कौशिल्या. अभनपुरच्या पलीकडल्या एका लहानशा पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, ती उन्हाळ्यात टोपली घेऊन आमच्या गल्लीत यायची. मुनग्याच्या शेंगा, मुनग्याची भाजी, कधी कच्चे आंबे. वासंती शाळेत विज्ञान शिकवायची, नुकतीच निवृत्त झाली होती, आणि रिकामं बसणं तिला जमत नव्हतं. एके दिवशी तिनं कौशिल्याला झाडावरच वाळून गेलेल्या शेंगा आणायला सांगितलं. कौशिल्या इतकी हसली की टोपली खाली ठेवून बसली. त्या शेंगा कुणी विकतही नाही आणि घेतही नाही, चुलीत घालतात. पुढच्या खेपेला तिनं पिशवीभर आणल्या आणि शहरातल्या बायका काय शिजवतात ते बघायला ओट्याशी येऊन उभी राहिली.

त्या दिवशी ओट्यावर तीन काचेचे पेले होते. तिन्हीत अंगणातली माती कालवलेलं पाणी. एकात वासंतीनं फिटकरी, म्हणजे तुरटी, फिरवली. दुसऱ्यात निवळीचं बी उगाळून घातलं. हे बी मी सुचवलं होतं. जुन्या पुस्तकांत पाणी निवळायला ते वापरत असल्याचं मी वाचलं होतं, आणि एका जडीबुटीवाल्याकडून चार बिया मिळवल्याही होत्या. तिसऱ्यात मुनगा. मग आम्ही तिघं वाट पाहत बसलो. अर्ध्या तासात फिटकरीचं पाणी लख्ख झालं. मुनग्याच्या पेल्यात आधी काहीच घडेना, मग पाण्यात कापसासारखे कण दिसू लागले, ते जड होऊन एकेक खाली बसले, आणि तासाभरानं वरचं पाणी आरपार दिसायला लागलं. माझ्या निवळीनं सगळ्यांत सावकाश काम केलं. वासंती म्हणाली, तुमच्यावरच गेली. कौशिल्यानं मुनग्याचा पेला उजेडात धरून फिरवून पाहिला. मग तिनं सांगितलं की त्यांच्या पाऱ्यातला हातपंप लाल पाणी देतो, म्हणून सगळे विहिरीचं पितात, आणि पावसाळ्यात शेतांतलं पाणी विहिरीत उतरलं की ते असंच होतं, मातकट. साडीच्या पदरातून गाळायचं आणि प्यायचं. मुनग्याचं झाड तिथे प्रत्येक घरामागे आहे.

बीमुळे हे कसं होतं, ते वासंतीनं मला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. गाळाचे बारीक कण सगळे एकाच जातीचा विद्युतभार घेऊन असतात, म्हणून एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. बीतल्या प्रथिनावर उलट भार असतो. ते त्यांना एकत्र धरतं, गठ्ठे होतात, आणि गठ्ठे बुडतात. बुडताना ते बरेचसे जंतूही ओढून नेतात. बरेचसे, सगळे नाही. या 'सगळे नाही'वर ती थांबायची आणि मी ऐकलं की नाही ते माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची. मी ऐकलेलं असे. ऐकण्यात माझी चूक झाली नाही.

ढवळण्याची एक रीत होती. आधी मिनिटभर जोरात, मग हळूहळू, पाच-सात मिनिटं, एकाच दिशेनं. घाई केली तर जुळलेले गठ्ठे फुटतात. घड्याळाकडे बघत ढवळायचा तिला कंटाळा यायचा, म्हणून ती मला म्हणायची, दोन पानं वाचा. मी हातात असेल त्या पुस्तकातली दोन पानं मोठ्यानं वाचायचो आणि ती लाकडी चमचा फिरवत राहायची. वर्णन असलं की माझा आवाज संथ चाले आणि पाणी छान जुळून येई. संवाद किंवा भांडण आलं की माझा वेग वाढायचा आणि तिच्या हाताचाही.

"जीव नका टाकू एवढा वाचण्यात," ती म्हणायची. "पाणी फुटून राहिलं माहं."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि मी तिच्यासाठी मोठ्यानं वाचतो आहे, असं प्रथमच घडत होतं. पुढं काय झालं, असं तिनं कधी विचारलं नाही. दोन पानं संपली की ती चमचा काढून भांड्यावर झाकण ठेवायची आणि मी पुस्तक मिटायचो. कितीतरी गोष्टी आमच्या स्वयंपाकघरात अर्ध्यावर राहिल्या आहेत.

मग तिचं दर गुरुवारी कौशिल्याच्या पाऱ्यात जाणं सुरू झालं. सकाळच्या बसनं जायची, दुपारी उन्हं कलली की परतायची. मी एकदाही गेलो नाही. तिथे सगळ्या बायका असतात, मी काय करू, असं म्हणायचो. खरं कारण असं की तो दिवस मला घरात एकट्याला वाचायला मिळायचा. पायऱ्या चढताना तिला दम लागायला लागला होता. हृदयाचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी फिरणं कमी करायला सांगितलं होतं. ते तिनं ऐकलं नाही आणि मी फार आग्रह केला नाही.

तिच्या शेवटच्या श्रावणात तिनं मला एक काम दिलं. पाऱ्यात लावायला एक कागद करायचा होता, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, म्हणजे ती गेली नाही तरी पद्धत राहील. 'ती गेली नाही तरी' याचा अर्थ त्या वेळी मी गुरुवारी बस चुकली तर, एवढाच घेतला. तिनं वहीत कच्चं लिहून दिलं. अकरा ओळी. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मधे बाण काढलेले. मला फार आनंद झाला. ऑफिसात मी तीस वर्षं हेच केलं होतं. लोक मसुदे आणून द्यायचे, मी ते नीट करायचो. पुनरुक्ती काढायची, वाक्य सरळ करायचं, आणि जिथे ऐकायला पूर्ण वाटतं तिथे थांबायचं. साहेब म्हणायचे की माझ्या हातून गेलेलं पत्र वाचून मन प्रसन्न होतं. मी बोरू काढला, जाड कागद आणला, दोन दिवस बसलो.

ती मागून येऊन बघायची. "काहून एवढं नटवून राहिले त्याले? लग्नपत्रिका नाही छापायची आपल्याले."

मी म्हणालो, कागद सुंदर असला तर लोक जपून ठेवतात. हे मात्र पुढे खरं ठरलं.

कागद झाला, त्याच्या झेरॉक्स झाल्या, तिनं त्या लगेचच्या गुरुवारी नेल्या. मूळ प्रत प्लॅस्टिकमध्ये बंद करून अंगणवाडीच्या भिंतीवर लावली. घाईत होती, मला वाटतं तिनं तो शेवटपर्यंत वाचला नाही. माझ्या अक्षरावर तिचा विश्वास होता. पुढचा गुरुवार तिला मिळाला नाही. इस्पितळात ती सहा दिवस होती. नाकात नळी, बोलायला त्रास. मंगळवारी सकाळी तिनं तो एकच प्रश्न विचारला. मी न आठवता, न थांबता हो म्हणालो. आजारी माणसाला असंच हो म्हणतात. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, बरं झालं, तिची काळजी मिटली.

मी जिच्याविषयी लिहायला बसलो आहे ती गढूळ पाण्याची खेप मागच्या वर्षीची. वासंती गेल्यानंतरची पहिली. श्रावणात असंच गढूळ पाणी आलं. डब्यात बिया होत्या, पण बादलीला किती घ्यायच्या ते मला नक्की आठवेना, म्हणून मी तिची वही काढली. वर्षभर ती वही मी उघडली नव्हती. त्यात अकरा ओळी होत्या. नववी अशी: वरचं पाणी कापडातून गाळून घेणे. दहावी: पाणी निर्मळ दिसेल, पण अजून पिऊ नये. अकरावी: चांगलं उकळू द्यावं, मगच प्यावं. 'मगच'खाली दोन रेघा.

कपाटात माझ्या कागदाची एक झेरॉक्स होती. ती मी शेजारी ठेवली. माझ्या कागदावर नऊच ओळी होत्या. दहाव्या ओळीतला पहिला अर्धा भाग मी नवव्या ओळीला जोडला होता, आणि 'दिसेल'चं 'हो जाता है' केलं होतं. पानी निर्मल हो जाता है. तिथे मी थांबलो होतो, कारण तिथे ऐकायला पूर्ण वाटत होतं. ते करताना काय विचार केला होता, तेही मला आठवलं. आपण इतकं सगळं करून पाणी निर्मळ केलं, आणि लगेच पुढं पिऊ नका म्हणायचं, हे वाचणाऱ्याला खटकेल, असं मला वाटलं होतं. आणि पाणी उकळून प्यावं हे तर सगळ्यांना माहीतच असतं.

मी खाली बसलो. पाऱ्यातली घरं किती, मुलं किती, मला काही माहीत नव्हतं. एका पावसाळ्याचा उत्तरार्ध होऊन गेला होता आणि दुसरा चालू होता. गढूळ पाणी माणूस निदान जपून पितो. माझ्या कागदानं त्याला निर्मळ म्हटलं होतं, मोठ्या अक्षरांत. आणि मी तिला हो म्हणालो होतो.

वासंतीच्या मोबाइलमध्ये 'कौशिल्या मुनगा' असा नंबर होता. तो लावला तर दुसऱ्याच कुणी उचलला. कौशिल्या गल्लीत येणं शक्य नव्हतं, कारण पावसाळ्यात ती शेतांत तण काढायला, निंदाईला जाते. मी चार दिवस कुणाला काही बोललो नाही. पेपरात जुलाब-उलट्यांची बातमी आली की आधी गावाचं नाव शोधायचो. पाचव्या दिवशी मुलीला, मीनूला सांगितलं. ती शंकर नगरात राहते. मराठी सगळं समजतं तिला, पण बोलते हिंदीत. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तो पूछ लेते हैं न, बाबा. कल चलो." इतकं साधं उत्तर मला चार दिवसांत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीनं आम्ही गेलो. अभनपुर मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंना भाताची शेतं, बांधांवर पाणी. पाऱ्यात शिरलो तर कुणाच्याही अंगणात कौशिल्याच्या वयाची बाई दिसेना. होते ते सगळे पुरुष, आणि काही लेकी, ज्या आदल्या दिवशीच सासरहून आल्या होत्या. मी आयुष्य रायपुरात काढलं आणि तारीख बघायची विसरलो होतो. तीजा होता. छत्तीसगडात तीजाला, म्हणजे हरतालिकेला, सगळ्या सुना माहेरी जातात. वासंतीनं ज्यांना शिकवलं त्या सगळ्या सुनाच होत्या, आणि त्या वीस ठिकाणी पांगल्या होत्या.

कौशिल्याचे सासरे घरी होते. गावात त्यांना बबा म्हणतात. तरुणपणी ते टपाल वाटायचे, त्यामुळे लिहिता-वाचता येणारा जुना माणूस म्हणून त्यांना मान. बसायला खाट दिली. मी वासंतीचा नवरा म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि काही वेळ तसेच ठेवले. मग आत गेले, दाराजवळच्या मडक्यातून लोटा भरून आणला. पाणी इतकं स्वच्छ होतं की लोट्याच्या तळाचा ओरखडा दिसत होता.

"दीदी वाले पानी आय," ते म्हणाले. वासंतीला तिथे सगळे दीदी म्हणत.

मी हिंदीत विचारलं, उकळलं आहे का? त्यांनी समोरच्या अंगणवाडीच्या भिंतीकडे हनुवटी केली. "जइसे लिखाय हे, तइसने बनाय हँव." म्हणजे जसं लिहिलंय तसंच केलंय. बहू माहेरी गेली की पाण्याचं काम त्यांच्याकडे. भिंतीवर माझा कागद होता. अक्षर लांबूनही सुरेख दिसत होतं.

मी ते पाणी प्यालो. मीनूनं माझं कोपर दाबलं, पण मी लोटा रिकामा केला. हे शौर्य नव्हतं. हे पाणी या लोकांना प्यायला सांगणारा मी होतो, आणि त्यांच्या दारात बसून ते मी नाकारू शकत नव्हतो. नंतर मी भिंतीपाशी गेलो आणि खिशातल्या पेननं खाली ओळ लिहायला बघितली. प्लॅस्टिकवर पेन नुसतं घसरत होतं. बबांना मी सांगितलं, पाणी उकळून घेत जा. ते "हव" म्हणाले, जसं पाहुण्याला म्हणतात तसं. बायका कधी येतील विचारलं, तर म्हणाले, आठ-दहा दिवस तरी. माहेरी गेलेल्या बाईला बोलवायला जात नाहीत.

आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. मी तिला कळू दिलं नाही. मीठ-साखरेचं पाणी घेत पडून राहिलो. एका माणसाच्या पोटावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं वासंती म्हणाली असती. तिच्या शाळेत मुलींनी एकदाच प्रयोग करून उत्तर लिहिलं की ती वही परत करायची. पण मी प्रयोग करत नव्हतो. मी पडल्या पडल्या त्या पाऱ्यातली मुलं डोळ्यांसमोर आणत होतो, आणि कुणालाच मी पाहिलेलं नसल्यामुळे ती सगळी मीनूच्या लहानपणच्या चेहऱ्याची होती.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला अंगणं भरलेली होती. कौशिल्या नव्या साडीत होती, माहेरची. मला पाहून आधी रडली, मग पाट दिला. मी तिला पहिलाच प्रश्न विचारला, कुशल विचारायचंही राहिलं. मुनग्याचं पाणी मुलांना कसं देता?

ती मला चुलीपाशी घेऊन गेली. एका बाजूला निवळत ठेवलेली मडकी, काळी. दुसऱ्या बाजूला पितळेची गुंडी, झाकलेली, अजून कोमट. सकाळी उकळलेलं पाणी त्यात. मुलं त्यातलंच पितात, घरातले सगळेच. प्रत्येक घरात असंच आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, चला दाखवते. आम्ही चार घरं फिरलो. चारही घरांत दोन वेगळी भांडी होती, आणि काळ्या मडक्याला हात लावणाऱ्या पोरांना आया ओरडत होत्या. मागच्या पावसाळ्यात कुणी मूल आजारी पडलं का, विचारलं. ताप-सर्दी झाली, म्हणाली, पोटाचं काही नाही. आधीच्या वर्षांपेक्षा बरंच कमी.

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. त्यात उकळायचं लिहिलेलं नाही, म्हणालो.

कौशिल्यानं त्या कागदाकडे असं पाहिलं जसं कुणी बऱ्याच दिवसांनी भिंतीकडे बघतं. "कागज ल कोन पढ़थे, बाबूजी?" ती म्हणाली. "दीदी ह हाथ धर के सिखाय रहिस."

मग तिनं सांगितलं ते असं. वासंती प्रत्येकीकडून दोनदा करून घ्यायची, आपल्यासमोर. कुटण्यापासून उकळण्यापर्यंत. आणि मग सगळ्यांत स्वच्छ दिसणारा पेला उचलून ती विचारायची, हे पिऊ का? जी हो म्हणेल तिला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. कौशिल्याला तीनदा करावं लागलं होतं. "आँखी ल झन पतियाबे, कहय," ती म्हणाली. डोळ्यांवर विश्वास ठेवू नको, असं सांगायची.

मला हसू आलं. वर्षाहून अधिक काळानंतर, आणि नको त्या जागी. माझं सुंदर अक्षर त्या पाऱ्यात कुणी वाचलंच नव्हतं. तीस वर्षं मसुदे नीट करणाऱ्या माणसाला याचं वाईट वाटायला हवं. मला छातीवरून कुणी गोणी उचलल्यासारखं वाटलं. मीनू माझ्याकडे बघत होती. तीही हसायला लागली. मग मी तिला पोटाचं सांगून टाकलं, आणि तिचं हसू थांबलं.

कौशिल्यानं ते ऐकलं. लोटा कोणत्या मडक्यातून दिला होता, तिनं विचारलं. मी दाराजवळचं दाखवलं. तिनं सासऱ्यांकडे वळून कपाळावर हात मारला, आणि मग सगळं उलगडलं. ती घरी असते तेव्हा बबा उकळलेलंच पितात, कारण तेच मिळतं. तीजाला ती गेली की ते स्वतः पाणी करतात, आणि त्यांना वाचता येत असल्यामुळे ते कागद वाचून करतात. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. तीजानंतर दोन्ही वर्षं त्यांचं पोट बिघडलं होतं. "हमन समझेन, अपन हाथ के रांधे खाथे तेकर सेती," कौशिल्या म्हणाली. स्वतःच्या हातचं जेवल्यामुळे पोट बिघडतं, असं घरातल्यांना वाटलं होतं. बायका हसल्या. बबाही थोडे हसले, पण त्यांना ते आवडलं नाही.

म्हणजे माझ्या कागदाला एक वाचक होता. एकच, पण त्यानं शब्दन्‌शब्द मानला होता.

मी नवा कागद सोबत नेला होता. या खेपेला बोरूनं लिहिलेला नव्हता, मीनूच्या जाड मार्करनं लिहिला होता. अकराच्या अकरा ओळी, वासंतीच्या क्रमानं, तिच्याच शब्दांत, जिथे मराठी होतं तिथे फक्त हिंदी केलेलं. वाचायला तो अडखळत चालतो. दहाव्या ओळीशी तर ठेचच लागते. मी तो बबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि उभे राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, जशी पूर्वी लोकांची पत्रं वाचत असतील तसा. दहावी आणि अकरावी ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पहिली काबर नइ लिखे रेहेव?"

आधी का लिहिलं नव्हतं. दीदीच्या हातून राहून गेलं असेल, असं त्यांनीच पुढं म्हटलं. मला मान हलवून मोकळं होता आलं असतं.

"नहीं," मी म्हणालो. "उसने लिखा था. मैंने काट दिया."

त्यांनी चष्मा काढला. मग बबा म्हणाले, "हव." या वेळचं हव पाहुण्याला म्हणतात तसलं नव्हतं. त्यांनी जुना कागद खिळ्यावरून काढला, माझ्याकडे दिला, आणि नवा लावला. तिरका लागला. मी तो सरळ करायला गेलो नाही.

गाडीत मीनूनं विचारलं, जुन्या कागदाचं काय करायचं. मी म्हटलं, राहू दे. तो अजून कपाटात आहे. अक्षर चांगलंच आहे त्यातलं. ते मी नाकारत नाही.

गेल्या वर्षभरात मी त्या सकाळच्या प्रश्नाकडे पुष्कळदा परत गेलो. तिनं तो का विचारला असेल? तिचं तर सगळं हातानं शिकवून झालं होतं, कागदावर तिची काहीच भिस्त नव्हती. आधी मला वाटायचं, तिला शंका आली होती, माझ्या मसुदे नीट करण्याची सवय तिला ठाऊक होती. आता तसं वाटत नाही. इस्पितळाच्या त्या सहा दिवसांत तिनं मला बरंच काही एकेका वाक्यात विचारलं होतं. गॅस बंद केला का. मीनू जेवली का. तुम्ही गोळी घेतली का. उकळायचं लिहिलं ना, हे त्यातलंच एक असावं. तिला माझ्याकडून एक हो हवं होतं आणि ते मिळालं. तेव्हा ते खोटं होतं, हे मला माहीत नव्हतं, तिलाही नाही. मी स्वतःला माफ केलं असं म्हणणार नाही. पण एखाद्या माणसाचं काम त्याच्या माघारी आपल्या हातून बिघडता बिघडता राहिलं, आणि ते त्यानं आधीच इतकं पक्कं करून ठेवलं होतं म्हणून राहिलं, हे कळणं म्हणजे केवढा आधार असतो.

या वर्षी जूनमध्ये कौशिल्या टोपली घेऊन आली होती. तिनं सांगितलं, मागच्या तीजाला सगळ्याजणी मुनग्याच्या बिया घेऊनच माहेरी गेल्या होत्या. विहिरीचं पाणी तिथेही गढूळच असतं. भावजया आपापल्या माहेरून परतल्यावर तिनं त्यांना शिकवलं. कसं शिकवलं, मी विचारलं. स्वच्छ पेला उचलला, ती म्हणाली, आणि विचारलं, हे पिऊ का? मोठी भावजय हो म्हणाली. मग तिला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. हे सांगताना कौशिल्याचा चेहरा मास्तरणीसारखा झाला होता. त्या गावांना वासंतीचं नाव माहीत नाही. तिथे हे कौशिल्याचं पाणी आहे.

परवा पुन्हा तीजासाठी सुना जायला लागतील. बबांना यंदा पाणी कोण करून देणार, मी फोनवर विचारलं. नवा नंबर आहे माझ्याकडे आता. तिनं फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी मला अकराही ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या.

त्या गावांचं आता वासंतीवाचून अडत नाही. माझं अडतं. पण मी पाणी उकळून पितो आणि मला झोप लागते.